फुल रेंज दिसते, तरी नेट का चालत नाही?

"भाऊ, रेंज तर फुल आहे, पण नेट चालूनच नाही राहिलं." बारा वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की फोन उचलायच्या आधीच पुढचं काय असेल ते कळतं. नागपुरातल्या मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, मनीषनगर या पट्ट्यात घरोघरी केबल ओढायची, राऊटर बसवायचे आणि बिघडलं की बघायला जायचं, हे माझं काम. बिघाड बहुतेक वेळा एकच असतो, कारणं मात्र दहा असतात. ती कोणत्या क्रमाने तपासायची ते इथे लिहितोय. त्यातली निम्मी तपासणी तुम्ही स्वतः करू शकता आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फोनवर वायफायची जी रेंज दिसते, ती फक्त तुमचा फोन आणि घरातला राऊटर यांच्यामधली असते. राऊटरच्या पलीकडे काय चाललंय, हे त्या चिन्हाला माहीत नसतं. आपल्या नागपूरला पाणी पेंचवरून येतं. नळाची तोटी नवी आणि चकचकीत असली म्हणून पेंचचं पाणी तोटीपर्यंत पोचलंच असं होत नाही. नेटचंही तसंच आहे. फोन ते राऊटर हा पहिला टप्पा, तो हवेतून जातो. राऊटर ते कंपनी हा दुसरा, तो फायबरच्या तारेतून जातो. कंपनीपासून पुढच्या जगापर्यंत तिसरा. कोणता टप्पा तुटलाय हे शोधायचं, एवढंच आपलं काम. डीबीएम, डीएनएस, एलओएस असे जे शब्द ऐकून लोक घाबरतात, ते या टप्प्यांवरच्या खुणांची नावं आहेत.

लक्षणं

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ओळखा.

वायफायला फोन जोडलेला दिसतो, पण खाली "कनेक्टेड, नो इंटरनेट" असं येतं. अँड्रॉइड फोन वायफायला जोडला की गुपचूप एक छोटं पान उघडून बघतो. ते पान मिळालं नाही की हा संदेश दाखवतो. म्हणजे पहिला टप्पा बरा आहे, गडबड बहुधा पुढे आहे.

व्हॉट्सअॅपचे संदेश जातात, पण व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. किंवा हॉलमध्ये झकास चालतं आणि आतल्या खोलीत दार लावलं की मरतं. किंवा रात्री आणि सकाळी बरं असतं, दुपारी दोन ते पाचमध्ये दम तोडतं. हे शेवटचं लक्षण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये फार दिसतं, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

वायफायच्या यादीत दोन नावं दिसायची, त्यातलं एक अधूनमधून गायब होतं आणि मिनिटभराने परत येतं.

साधा फोन कॉल लावला तरी आवाज तुटतो, पण गच्चीवर गेलं की नीट होतो. हे फोनमधल्या वायफाय कॉलिंगमुळे होऊ शकतं. तेव्हा कॉल टॉवरवरून न जाता तुमच्या घरच्या वायफायवरून जातो आणि वायफाय कमजोर असेल तर आवाज तुटतो.

पहिली तपासणी: एकाचं बंद आहे की सगळ्यांचं?

घरात दुसरा फोन असेलच. त्यावर तेच पान उघडा. दुसऱ्यावर चालतंय आणि तुमच्यावर नाही, तर राऊटरला हात लावायची गरज नाही, दोष तुमच्या फोनमध्ये आहे. सगळ्यांचं बंद असेल तर फोनला दोष देऊ नका. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडून बघा. तिथेही उघडत नसेल तर ते संकेतस्थळच पडलेलं असू शकतं. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मला किती फोन येतात काय सांगू. घरचं नेट ठणठणीत असतं, निकालाचं पान गर्दीने बसलेलं असतं.

दोन मिनिटांची ही तपासणी केली की निम्मं कोडं सुटतं. ती न करता लोक थेट राऊटरवर तुटून पडतात आणि चालणारी गोष्ट बिघडवतात.

दुसरी: राऊटरचे दिवे बघा

फायबरचं कनेक्शन असेल तर तुमच्या राऊटरवर, किंवा शेजारच्या छोट्या डबीवर, पीओएन आणि एलओएस अशी दोन नावं असतात. पीओएन म्हणजे फायबरची जोडणी, तिचा दिवा हिरवा आणि स्थिर असला पाहिजे. एलओएस म्हणजे 'सिग्नल हरवला'. हा दिवा विझलेला असणं चांगलं. तो लाल झाला किंवा लाल लुकलुकू लागला की समजा, फायबरमधून प्रकाश तुमच्यापर्यंत येतच नाही. तार कुठेतरी तुटली आहे, दुमडली आहे किंवा कंपनीकडून बंद आहे. अशा वेळी राऊटर शंभरदा बंद-चालू केलात तरी फरक पडत नाही. तक्रार नोंदवा. सांगताना "नेट बंद आहे" असं नका सांगू, "एलओएस लाल आहे" असं सांगा. या एका वाक्यामुळे समोरचा माणूस तुम्हाला तासभर सेटिंग करायला लावत नाही, सरळ तारेचं काम करणाऱ्याला पाठवतो.

दिवे सगळे ठीक असतील तर रिचार्ज बघा. हसण्यासारखं वाटेल, पण मुदत संपलेली असणं हे फार नेहमीचं कारण आहे. काही प्लॅनमध्ये डेटाची मर्यादा असते. ती ओलांडली की नेट बंद पडत नाही, वेग एकदम खाली येतो. संदेश जातात, व्हिडिओ अडतो. महिनाअखेरीला हे लक्षण दिसलं तर आधी कंपनीच्या अॅपमध्ये वापर बघा.

तिसरी: रीस्टार्ट करा, रीसेट नाही

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच ठिकाणी होतं.

रीस्टार्ट म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करायचं, तीस सेकंद थांबायचं, पुन्हा चालू करायचं. राऊटर हा छोटा संगणकच आहे, महिनोनमहिने अखंड चालून तोही अडकतो. तीस सेकंद अशासाठी की आतल्या घटकांमधली उरलीसुरली वीज उतरून स्मरण पूर्ण कोरं व्हावं. चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं द्या. फायबरची डबी वेगळी असेल तर आधी ती चालू करा, तिचे दिवे स्थिर झाले की मग राऊटर.

रीसेट ही पूर्ण वेगळी गोष्ट. राऊटरच्या मागे टाचणी जाईल एवढं बारीक छिद्र असतं. त्यात टाचणी खुपसून दहा सेकंद दाबलं की राऊटर कारखान्यातून आला तसा होतो. तुमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड पुसला जातो. त्याचबरोबर कंपनीने भरलेलं यूजरनेम आणि जोडणीची माहितीही जाऊ शकते. मग कंपनीचा माणूस आल्याशिवाय काही होत नाही. हुडकेश्वरच्या एका घरात एका मुलाने यूट्यूबवर बघून शनिवारी रात्री टाचणी मारली. माणूस सोमवारी आला. रविवारी त्याच्या बहिणीची ऑनलाइन परीक्षा होती, ती शेजारच्या घरात बसून द्यावी लागली. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. ते छिद्र स्वतःच्या मनाने दाबू नका.

चौथी: फोनमधल्या चार जागा

एकाच फोनवर अडचण असेल तर इकडे या.

विमान मोड लावून दहा सेकंदांनी काढा. नाही जमलं तर वायफायच्या यादीत आपल्या नावावर जाऊन "फर्गेट" करा आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. जुनी, चुकलेली माहिती निघून जाते.

तारीख आणि वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरून फोन चालू झाला की कधीकधी तारीख मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात. तारीख चुकीची असली की बँकेपासून ईमेलपर्यंत सगळं नकार देतं आणि माणसाला वाटतं नेट गेलं.

मग डीएनएस. संकेतस्थळाचं नाव घेऊन त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी ही यंत्रणा. फोनबुकमध्ये नाव शोधलं की नंबर मिळतो, तसंच. फोनबुकच हरवलं तर फोन चांगला असूनही लावणार कुणाला? अँड्रॉइडच्या नव्या फोनमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" नावाचं सेटिंग असतं. जाहिराती बंद करायला म्हणून मुलं तिथे काहीतरी भरून ठेवतात आणि विसरतात. ते "ऑटोमॅटिक"वर आणा. चालू राहिलेलं व्हीपीएन अॅपही (तुमचं नेट दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवून आणणारं) असंच त्रास देतं, तेही बंद करून बघा.

चौथी जागा आयपी पत्ता. वायफायच्या तपशिलात हा आकडा दिसतो. राऊटर प्रत्येक फोनला घरापुरता एक पत्ता वाटतो, बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. लॅपटॉपवर तो १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर समजा, राऊटरने पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक मनाने लावून घेतलाय. राऊटर रीस्टार्ट केल्यावर बहुधा सुटतं.

पाचवी: राऊटर ठेवलाय कुठे?

आता मी ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलतो तो भाग.

मानेवाड्याच्या एक काकू आहेत. दर मे महिन्यात त्यांचा फोन ठरलेला. "अरे, रात्री बरं चालते, दुपारी काहून बंद पडते बाप्पा?" पहिल्या वर्षी मी जाऊन तार बदलली. दुसऱ्या वर्षी राऊटर बदलला. तिसऱ्या वर्षी भर दुपारी गेलो आणि तेव्हा कुठे डोळे उघडले. हॉलच्या खिडकीत मोठा लोखंडी कूलर, तिन्ही बाजूंनी ओल्या वाळ्याच्या जाळ्या, खाली टाकीत पाणी. राऊटर नेमका त्याच्या मागे, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, व्हरांड्यातल्या कपाटाच्या माथ्यावर, कारण केबल तिथूनच आत येत होती. काकू बसायच्या कूलरसमोरच्या खोलीत. वायफायची लहर त्यांच्यापर्यंत पोचायची ती लोखंड आणि पाणी ओलांडूनच.

लोखंड लहर परतवतं, पाणी ती पिऊन टाकतं. हिवाळ्यात कूलर गच्चीवर जायचा आणि नेट पळायचं. उन्हाळ्यात कूलर खाली आला की नेट बसायचं. राऊटर हॉलच्या आतल्या भिंतीवर छातीच्या वर लावला, आठ मीटर तार वाढवली, आणि त्यानंतरच्या मे महिन्यात काकूंचा फोन आला तो लग्नाचं आमंत्रण द्यायला.

हे मोजायचं असेल तर डीबीएम हा शब्द शिकून घ्या, हे सिग्नलच्या ताकदीचं माप. फोनमध्ये वायफाय अॅनालायझर प्रकारचं कोणतंही फुकट अॅप टाका, ते एक उणे आकडा दाखवतं. उणे ४० म्हणजे राऊटरच्या शेजारी उभे आहात. उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० च्या खाली गेलं की जोडलेलं दिसेल, पण कामाचं नाही. आकडा तीनने घसरला की ताकद निम्मी होते आणि दहाने घसरला की दहावा भाग उरतो. म्हणून उणे ६० आणि उणे ७० मधला फरक दिसायला छोटा आणि प्रत्यक्षात फार मोठा आहे. त्या दिवशी काकूंच्या खोलीत पाणी भरलेला कूलर मधे असताना उणे ७८ होतं, राऊटर हलवल्यावर त्याच खुर्चीवर उणे ५४.

कूलरसारखेच बाकीचे अडथळे म्हणजे फ्रिज, लोखंडी कपाट, मागे धातूचा थर असलेला मोठा आरसा, आणि मजल्यांमधला सळयांचा स्लॅब. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत तर हातभर जाडीच्या भिंती असतात, तिथे एका राऊटरने पूर्ण घर व्हायची अपेक्षाच ठेवू नये. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे तो चालू असेपर्यंत शेजारचं २.४ चं वायफाय चाचरतं.

आणि उष्णता. घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान साधारण ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. नवतपात आपल्याकडे बाहेर पारा ४५ ओलांडतो आणि वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीतही चाळिशी पार होते. अशात राऊटर काचेच्या शोकेसमध्ये, सेट टॉप बॉक्सवर ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल. दुपारी हात लावला तर चटका बसतो. मग तो अडकणारच. शोकेसमधून बाहेर काढा, भिंतीवर उभा टांगा, रुमाल काढा, इन्व्हर्टरपासून लांब ठेवा. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, त्या हवेत ओल असते.

सहावी: २.४ की ५, आणि हे ५जी कोणतं?

बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण वेग कमी आणि गर्दी प्रचंड. दुसरा वेगवान आहे, पण दोन भिंतींनंतर दमतो. यादीत जे दुसरं नाव दिसतं, ज्याच्या शेवटी ५जी लिहिलेलं असतं, ते ५ गिगाहर्ट्झचं. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काडीचा संबंध नाही. मोबाइलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी, ते टॉवरवरून येतं आणि भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. राऊटरवरचं ५जी म्हणजे फक्त लहरीची वारंवारता. या एका गोंधळापायी लोकांनी नवे फोन घेतलेले मी पाहिलेत. दुकानदाराने सांगितलं, "तुमचा फोन ५जी नाही म्हणून ते वायफाय दिसत नाही." खरं तर ४जी फोनही ५ गिगाहर्ट्झचं वायफाय घेऊ शकतो, फक्त त्याच्या वायफायच्या चिपमध्ये ती सोय असायला हवी. काही स्वस्त आणि जुन्या फोनांत नसते. खोक्यावर किंवा माहितीत "ड्युअल बँड" लिहिलंय का बघा.

टीव्ही आणि लॅपटॉप राऊटरच्या खोलीत असतील तर ५ वर जोडा. दूरच्या खोलीतले फोन, दाराची बेल, कॅमेरे २.४ वर राहू द्या.

आता चॅनेल, म्हणजे एका पट्ट्यातल्या छोट्या गल्ल्या. २.४ च्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न अडणारे तीनच, १, ६ आणि ११. मनीषनगरच्या एखाद्या सदनिकेत अॅप उघडलं की पंचवीस-तीस वायफाय दिसतात, त्यातली अर्धी एकाच चॅनेलवर भांडत असतात. रात्री नऊनंतर सगळे घरी आले की वेग पडतो तो यामुळेही. अॅपमध्ये या तिघांपैकी सर्वात रिकामा बघा आणि राऊटरच्या पानावर जाऊन तो लावा. पान उघडायचा पत्ता आणि पासवर्ड राऊटरच्या तळाच्या चिठ्ठीवर असतो. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. जास्त रुंदी म्हणजे जास्त वेग हे कागदावर खरं, गर्दीच्या इमारतीत उलटं होतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने आणलेला लॅपटॉप घरचं वायफाय पाहतच नाही, ही तक्रार दिवाळीत हमखास येते. तिकडच्या उपकरणांत बहुधा ११ पर्यंतचेच चॅनेल चालू असतात. राऊटर आपोआप १२ किंवा १३ वर गेला असेल तर त्या लॅपटॉपला तो दिसणार नाही. ११ किंवा त्याखाली आणा, लगेच दिसेल.

५ गिगाहर्ट्झचं नाव मिनिटभर गायब होऊन परत येतं ते वेगळ्या कारणाने. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. रडारसारखं काही ऐकू आलं की राऊटरला ती जागा सोडावी लागते, आणि तशा दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान एक मिनिट कान देऊन मगच बोलावं लागतं. हा नियम आहे, दोष नाही. ३६ ते ४८ मधला चॅनेल लावा, प्रश्न मिटतो.

सातवी: वेग मोजा, पण नीट मोजा

आधी राऊटरपासून दोन मीटरवर उभं राहून ५ गिगाहर्ट्झवर वेग मोजा, मग आतल्या खोलीत. जवळ पूर्ण मिळतोय आणि आत नाही, तर दोष हवेतल्या टप्प्याचा. जवळही नाही, तर कंपनीकडचा किंवा तारेचा.

एमबीपीएस आणि एमबी यांची गल्लत करू नका. प्लॅन १०० एमबीपीएसचा असतो, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल उतरते मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरलं तर तुम्हाला पूर्ण मिळतंय. "शंभरचे पैसे घेतात आणि बाराच देतात" म्हणून भांडणारे गृहस्थ मला भेटलेत. कंपनी तेव्हा बरोबर होती.

आठवी: तार आणि अडॅप्टर

इथून थोडा खर्च सुरू होतो. लॅपटॉप लॅनच्या तारेने थेट राऊटरला जोडा. तारेवर पळतंय आणि वायफायवर नाही, तर वरच्या तपासण्या पुन्हा करा. प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि तारेवर बरोबर ९०-९५ वर अडकतंय, तर तारेच्या आठपैकी एखादी बारीक तार तुटली असेल किंवा तार जुन्या प्रतीची असेल. नवी घेताना कॅट ५ई किंवा कॅट ६ मागा. बर्डीच्या बाजारात मोठ्या अक्षरात काहीही छापलेल्या तारा मिळतात. शुद्ध तांब्याची आहे का विचारा, तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची लांब अंतरावर दगा देते.

राऊटर दिवसातून चार-पाचदा आपोआप बंद-चालू होत असेल तर राऊटर फेकू नका, आधी अडॅप्टर बदलून बघा. माझ्या अनुभवात बरेच "मेलेले" राऊटर अडॅप्टर बदलल्यावर जिवंत झालेत. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं. व्होल्ट तंतोतंत तोच हवा. अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो, कमी नाही. पिन बसते म्हणून ९ व्होल्टच्या राऊटरला १२ चा लावला तर राऊटर जळू शकतो.

नववी: नवा राऊटर, रिपीटर

हे सगळ्यात शेवटी. वायफाय ४, ५, ६ ही नावं २०१८ पासून वापरात आली, त्याआधी ८०२.११ पुढे एन, एसी अशी अक्षरं असायची. फोन आणि राऊटर यांच्यात जो जुना, त्याच्या भाषेत दोघं बोलतात. घरातले सगळे फोन वायफाय ५ चे असतील तर महागड्या वायफाय ६ राऊटरने त्यांना फारसं काही मिळणार नाही.

रिपीटर, म्हणजे राऊटरचं ऐकून पुढे सांगणारी डबी, स्वस्त मिळतो, पण तो ऐकायला आणि पुढे सांगायला एकच चॅनेल वापरत असेल तर वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय लोक तो लावतात नेमका रेंज नसलेल्या खोलीत. जिथे त्यालाच ऐकू येत नाही तिथून तो पुढे काय सांगणार? तो मधल्या खोलीत हवा. दोन मजल्यांचं घर असेल तर मी नेहमी सांगतो, वर एक तार ओढा आणि दुसरा राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेने आलेलं नेट फक्त वायफायवर वाटायला, लावा. भिंतीला एक भोक पडतं, पण पुढची दहा वर्षं डोकेदुखी नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

एलओएस लाल असेल तर. फायबरची तार स्वतः काढून पुसू नका, फुंकू नका आणि तिच्या टोकात डोळा लावून तर अजिबात बघू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेसरचा असतो. तार बोटाएवढ्या गोलात दुमडली तरी प्रकाश गळतो, म्हणून ती खिळ्याला गुंडाळूनही ठेवू नका. येणाऱ्या माणसाकडे पॉवर मीटर असतो. त्याला आकडा विचारा. उणे २० च्या आसपास असेल तर छान, उणे २७ च्या पुढे गेला असेल तर जोड पुन्हा करून मागा. हाही डीबीएमच, फक्त प्रकाशाचा.

राऊटर किंवा अडॅप्टरला जळका वास येतोय, धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिणी येते, तर मेन स्विच बंद करून आधी इलेक्ट्रिशियन. नेटचं नंतर बघू. केबल विजेच्या खांबावरून येत असेल तर ती ओढायला शिडी लावू नका, कितीही घाई असो. मृगाच्या विजा सुरू झाल्या की राऊटरचा प्लग आणि गच्चीवरून येणारी लॅनची तार दोन्ही काढा. फायबरची काच वीज वाहून आणत नाही, पण तांब्याची तार आणते आणि सगळे पोर्ट एका क्षणात जातात.

वरच्या नऊ तपासण्यांनंतरही तारेवर थेट जोडलेल्या लॅपटॉपला वेग मिळत नसेल, तरीही थांबा आणि कंपनीला कळवा. कळवताना तीन गोष्टी सांगा, दिव्यांचा रंग, राऊटरजवळ तारेवर मिळालेला वेग, आणि किती वाजता होतं ते. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

आणि माणूस काम करून, सही घेऊन निघायच्या आधी त्याला दोन मिनिटं थांबवा. कूलर पाणी भरून चालू करा, आतल्या खोलीत जा, दार लावा, आणि पुण्यातल्या लेकीला एक व्हिडिओ कॉल करून बघा.